सैल झाकणं

कोठी कचेरीच्या भिंतीला लागून, निळ्या ताडपत्रीखाली
डावीकडून तिसरं टेबल माझं.
बावीस वर्षं इथे मी गुजरातीत टाइप करते
लोकांची घरं, सामाईक जिने, मोरीच्या पाण्याचा निकाल,
उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नटुभाईंची भिंत.
भांडते मराठीत, हिशेब दोन्हीत करते.
हात दुखतो तो मात्र
कुठल्याच भाषेत नीट सांगता येत नाही.

लोखंडी मशीन होतं तोवर बरं होतं.
बोटं ठणकायची, पण ते मला थांबवायचं:
कागद चढव, कार्बन सरळ कर,
घंटी वाजली की गाडा ढकल,
चुकलं तर पांढरं लाव
आणि ते वाळेपर्यंत चहा पी.
मग हलका कीबोर्ड आला, लोण्यासारखा.
त्याला घंटी नव्हती.
ओळ संपली हे मला कुणी सांगितलंच नाही.

आता करंगळीपासून कोपरापर्यंत एक दोरा आहे,
कुणी तरी तो शिवण उसवल्यासारखा ओढत असतं.
रात्री तीनला हात झोपतो, मी जागी.
उचलून उशीवर ठेवते त्याला,
दुसऱ्या कुणाचं तरी तान्हं बाळ असावं तसं.

सयाजी हॉस्पिटलात झंखनाबेन
पातळ मेणात पाच वेळा हात बुडवायला लावते.
मग मी पांढरा मोजा चढवून बसते बाकावर,
वरातीतल्या बँडवाल्यासारखी.
"आराम करा फणसेबेन," ती म्हणते,
आणि तिची तीच हसते.
तिचाही अंगठा गेलाय, माणसं दाबून दाबून.

अर्ध्या अर्ध्या तासाला उठते आता.
शेजारच्या टेबलाला वाटतं, मला साखर झाली.
वाटू दे.
वडाच्या पारापर्यंत जाते, हात लोंबते सोडते,
परत येते, उरलेली भिंत टाइप करते.
दिवसाला चार दस्त व्हायचे, अडीच होतात.
त्या अर्ध्याचे पैसे कुणी देत नाही.

मागच्या मंगळवारी मकरपुऱ्याचे एक आजोबा आले,
मृत्युपत्र करायला. सही येत नव्हती.
त्यांचा अंगठा शाईच्या गादीवर धरून
मी कागदावर दाबला,
आणि माझ्याच मनगटात कळ गेली लख्ख.
काही बोलले नव्हते मी.
पण धरलेल्या हाताला कळतं धरणाऱ्याचं.
"बेन, तमने दुखे छे?" म्हणाले,
आणि आपला अंगठा सोडवून घेऊन
स्वतःच टेकवला हळूच,
कागदाला लागू नये असा.

ठसा फिका आला. आतल्या कारकुनानं परत पाठवला.
दुसरा कागद घातला मी, पहिल्याचे पैसे लावले नाहीत.
तो पहिला ड्रॉवरमध्ये आहे अजून.
का ठेवला, माहीत नाही.

घरी येते तर लोणच्याच्या बरणीचं झाकण नुसतं टेकवलेलं.
तेलाचं तसंच. डाळीचंही.
वरुणा तेरा वर्षांची आहे, दार आपटून जाते,
विचारलं तर म्हणते, "राहून गेलं घट्ट करायचं."
तिच्या बापाचंही राहून जातं हल्ली.
दोघांनी मिळून ठरवलं असेल कधी तरी,
मी कचेरीत असताना.
मला सांगितलेलं नाही, मीही विचारत नाही.

आज साखरेच्या डब्यात मुंग्या निघाल्या.
पूर्वी घर डोक्यावर घेतलं असतं.
डबा उन्हात ठेवला, त्या एकेक करून चालत्या झाल्या,
आणि मी पायरीवर बसून राहिले,
माझ्या हातातल्या जायची वाट पाहत.